पाहणाराचा धर्म

पाहणें निरुपद्रवी असतें काय? अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांत मार्च महिन्यांत लाखों क्रौंच पक्षी प्लॅट नदीच्या उथळ पात्रांत रात्र काढतात. नदीचें पाणी वळविल्यामुळें त्यांचा मुक्काम सुमारें ८० मैलांच्या टापूंत दाटला आहे. उलट, ज्या नांगरानें गवताळ माळ मोडला, त्यानेंच पिकविलेल्या मक्याचे सांडलेले दाणे त्यांस पुष्ट करतात. मनुष्य त्यांचा अपराधीही आहे व अन्नदाताही. पक्षिनिरीक्षक मात्र आपणांस या हिशेबाबाहेर समजतो. परंतु त्याच्या उतावळ्या पावलानें थवा उडाला, कीं उत्तरेच्या दीर्घ प्रवासासाठीं सांठविलेली शक्ति व्यर्थ जाते. म्हणून पहांटेपूर्वीं आडोशांत शिरून पक्षी उडून जाईपर्यंत निश्चल बसण्याचा तेथील नियम हा नुसता शिष्टाचार नव्हे, न्याय आहे. आपल्या आनंदाची किंमत दुसऱ्यानें कां द्यावी?