शस्त्र बाळगावे कुणी?

खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. वास्तविक पुजायला शस्त्रे उरली आहेत कुठे? कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि अलीकडे मोटारसायकल व ट्रॅक्टर. आपले कन्नड शेजारी त्याला आयुधपूजा म्हणतात आणि बसगाड्यांनाही झेंडूच्या माळा घालतात. आमच्या जोयडा तालुक्यात मात्र काही घरांत कोयत्याशेजारी एक बंदूकही मांडलेली दिसते. कुणी तिला बंदूक म्हणतो, कुणी कोवी. बहुधा ती ठासणीची, वडिलार्जित, आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली असते.

नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचा धडा निघाला की एखादा मुलगा विचारतोच, "सर, अमेरिकेत प्रत्येकाला बंदूक बाळगायचा हक्क आहे, मग आपल्या घटनेत का नाही?" वर्ग हसतो. मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटत नाही. राज्यसत्तेने माणसाच्या हातातले शस्त्र काढून घ्यावे काय, आणि घेतले तर त्या बदल्यात ती त्याचे काय देणे लागते, असा मोठा नैतिक प्रश्न त्याच्या पोटात आहे.

या हक्काचा जन्म अविश्वासातून झाला. इंग्लंडचा दुसरा जेम्स हा कॅथलिक राजा प्रॉटेस्टंट प्रजेची शस्त्रे काढून घेतो, अशी तक्रार होती. तो गेल्यावर १६८९ साली पार्लमेंटने हक्कांची सनद केली. प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपल्या स्थितीला साजेशी आणि कायद्याला मंजूर असतील ती शस्त्रे स्वसंरक्षणार्थ बाळगता येतील, असे तीत आले. वाचकांनी 'स्थितीला साजेशी' हे शब्द नीट पाहावेत. हक्क जन्मला तोच धर्माची आणि ऐपतीची अट घेऊन. पुढे १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकेत लेक्सिंग्टन आणि काँकर्डला पहिल्या गोळ्या झडल्या, तेव्हा इंग्रज सैनिक वसाहतवाल्यांचा दारूगोळा जप्त करायलाच निघाले होते. ती आठवण ताजी असताना, १७९१ मध्ये, अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती झाली. तिच्यात आरंभीच सुव्यवस्थित नागरी फौजेचा उल्लेख आहे. म्हणून हा हक्क फौजेतल्या नागरिकाचा की घरात बसलेल्या एकट्या माणसाचा, हा वाद दोन शतके चालला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कौल दिला की तो एकट्या माणसाचाही आहे.

आपल्याकडची गोष्ट फार लांबची नाही. १८५७ मध्ये इंग्रजांनी लोकांची शस्त्रे गोळा करण्याचा कायदा आणला. तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी ती द्यायला नकार दिला. शस्त्र हीच त्यांची भाकरी आणि तीच त्यांची अब्रू. गाव जाळले गेले, माणसे फासावर गेली. पुढल्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे उठले. दत्तक नामंजूर झाल्याचे शल्य होतेच, त्यात तोफा-दारूगोळा हवाली करण्याची सक्ती आली. जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावात फाशी दिले. त्याच सुमारास आमच्या सुप्याच्या रानातही बंडखोरांच्या टोळ्या इंग्रजांशी झुंजत होत्या. त्यांत सिद्दीही होते.

आता यातली गंमत पाहा. गंमत म्हणायची, एवढेच. १८६० साली याच सरकारने भारतीय दंडविधान केले आणि त्यात स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाचे, मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क चांगला सढळ हाताने दिला. मूळ मसुदा करणाऱ्या मेकॉलेला वाटे की या देशातले लोक अन्याय फार मुकाट्याने सोसतात, त्यांच्यात मर्दुमकी जागवली पाहिजे. हातातली तलवार काढून घ्यायची आणि वर मर्दुमकी शिकवायची! तो हक्क आजही, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, ३४ ते ४४ या कलमांत कायम आहे.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलीसुरली कसर भरून काढली. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला माफी. कोडगूच्या लोकांनाही सूट मिळाली, आणि ती अजून चालू आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. या कायद्याविरुद्ध काँग्रेस १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून ठराव करीत होती. अहिंसेचे पुजारी गांधीजी, पण १९१८ च्या आपल्या पत्रकात त्यांनीही साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

आणि मग, डिसेंबर १९४८ मध्ये, घटना समितीत हरी विष्णु कामतांनी त्यासाठी दुरुस्ती सुचवली तेव्हा ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा मथितार्थ असा की, परक्या सत्तेखाली ही मागणी समजण्यासारखी होती. आता परिस्थिती बदलली आहे, आता शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी ते धारण करण्याच्या कर्तव्यावर भर हवा. घटनेत उरले ते शस्त्राविना शांततेने जमण्याचे स्वातंत्र्य आणि शीख बांधवांचे कृपाण. कर्तव्याचा भाग १९७६ मध्ये ५१-क कलमात आला: हाक येईल तेव्हा देशाचे रक्षण करावे.

मला घटना समितीचा निर्णय योग्य वाटतो. हक्क सगळ्यांना, पण बंदूक विकत मिळते. तेव्हा ती आधी कुणाच्या घरी गेली असती? गावच्या सावकाराच्या की सिद्द्याच्या, गवळी-धनगराच्या? बळी तो कान पिळी या न्यायाला घटनेची मोहर बसली असती. उलट १९५९ चा आपला शस्त्र कायदा, इंग्लंडच्या त्या सनदेच्या मानाने, अधिक माणुसकीचा आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, इतर अडचण नसेल तर, परवाना द्यावा असेही आहे. घटनेने जे दिले नाही, ते थोडेसे कायद्याने शेतकऱ्याला दिले.

पण निर्णय योग्य म्हणून हिशोब संपत नाही. ज्याने शस्त्र काढून घेतले, त्याने रक्षणाचा बोजा उचलला. निःशस्त्र नागरिक दुबळा नसतो. तो राज्याचा धनको असतो. आमच्या तालुक्याचे येणे फार जुने आहे. १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य झाले, १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान, २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प. २०१५ पासून त्याला काळीचे नाव आहे. त्याच काळी नदीवरच्या धरणात सुपा बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. जंगल राहिले पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. वाघ आमचाही आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने जनावर मारले तर गुन्हा नाही, भात वाचवण्यासाठी मारले तर आहे. म्हणून माळ्यावर बसलेला कुणबी नळी आभाळाकडे करतो आणि बार काढतो. रानडुकरांना आता त्या आवाजाची सवय झाली आहे. गव्यांना तर तो पहिल्यापासूनच फारसा मानवत नाही, असेही नाही.

निवडणूक जाहीर झाली की तो आवाजही बंद होतो. परवानाधारकाने बंदूक पोलीस ठाण्यात ठेवायची, पावती घ्यायची, निकाल लागेपर्यंत थांबायचे. मतदान निर्भय व्हावे हा हेतू चांगलाच आहे. परंतु वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा अजून लोंबकळत असलेल्या माणसाचे नाव उताऱ्यावर नसते, आणि नुकसानभरपाईचा कागद मागतो नेमका उतारा. मुडलीचा वाफा एका रात्रीत उखडला तर त्याने पंचनामा कुणाच्या नावे करावा?

बंदुकीच्या पावतीवर मालकाचे नाव असते, गाव असते, नंबर असतो. त्या मुदतीत झालेल्या नुकसानीला तीच पावती पुरावा धरावी, उतारा मागू नये. एवढे करायला घटनादुरुस्ती लागत नाही, जिल्हा कचेरीचे एक परिपत्रक पुरे.