शुक्रवारचा हसरा चेहरा

दर शुक्रवारी चार वाजता स्क्रीनवर पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ‘हा आठवडा कसा गेला?’ मी विचार न करता हसरा दाबतो. खाली ‘उत्तर गोपनीय राहील’ असं लिहिलेलं असतं. पण आमच्या टीममध्ये पाचच जण आहेत आणि टीमची सरासरी मॅनेजरला दिसते. ती दाखवणारा डॅशबोर्ड मीच लिहिलाय.

हे चेहरे म्हणजे अगदीच पोरखेळ नाही. ब्रिटिश टेलिकॉमच्या कॉल सेंटरांमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सुमारे १,८०० जणांना सहा महिने दर आठवड्याला असेच चेहरे दाखवले. माणूस आनंदी असताना विक्री १३ टक्के जास्त निघाली, आणि तीही कामाचे तास न वाढता. पण विक्री झाली म्हणून माणूस खूश, की खूश होता म्हणून विक्री? हा गुंता सोडवायला त्यांनी खिडकीबाहेरचं हवामान धरलं. आभाळ भरून आलं की मन उतरतं, पण आभाळ काही विक्री बघून भरून येत नाही. इंजिनियर म्हणून मला ही युक्ती जाम आवडली. (कोल्हापूरच्या जुलैत आमचा आकडा काय येईल, देव जाणे.)

माझी अडचण पुढे आहे. समजा, १३ ऐवजी शून्य आलं असतं. मग माणसाला बरं वाटणं हा नुसता खर्च, आणि खर्च कापता येतो. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. शिफ्टला किती नग, एवढंच त्यांचं मोजमाप. त्यांना कसं वाटतं हे कुणी विचारलं नाही, पण निदान हसण्याचं नाटकही करावं लागलं नाही.

कोल्हापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना सांगलीनंतर किर्लोस्करवाडी लागते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर कारखान्यासोबत कामगारांची वस्तीही वसवली. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीला ठेवलं. यात निव्वळ दानत नव्हती. ओसाड माळावर माणूस टिकला नाही तर नांगर कोण बनवणार? हिशोब त्यांनाही होता. पण विश्वास आधी टाकला होता. आम्ही आधी आलेख मागतो.

गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकीने सलग तीन शुक्रवार रडका चेहरा दाबला. डेटाबेसमध्ये नाव नसतं, पण पाच जणांत ओळखायला नाव लागत नाही. तिचा कोड मीच तपासतो. तो चोख होता, डेडलाइन चुकली नाही, म्हणून कुणी तिला काही विचारलं नाही. मीही नाही. या शुक्रवारी चार वाजायच्या आत तिला चहाला बोलवायचंय. मला कसं कळलं, हे तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.