लेकराचा मुतखडा आणि संमतीचा अधिकार

नांदेड-लातूरचा उन्हाळा कडक आणि पाणी अपुरे. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रदेशात शरीराला पाणी कमी पडून लघवी दाट होते व तिच्यातील क्षारांचे खडे बनण्यास वाव मिळतो. हे कारण उघड असूनही अजाण लेकराच्या वाट्याला ही कळ का यावी, हा प्रश्न घरात उठतोच आणि त्याचे उत्तर बहुधा प्राक्तनात, म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्मफळात, शोधले जाते. चरकसंहितेचे विमानस्थान मात्र दैवाच्या जोडीला पुरुषकार, म्हणजे या जन्मीचा प्रयत्न, ठेवते. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते तर औषधाला अर्थ उरला नसता, असा त्याचा युक्तिवाद आहे.

परंतु प्रयत्नच जिवावर बेतू शकत असेल, तर तो दुसऱ्याच्या देहावर करण्याचा अधिकार कोणाचा? सुश्रुताने मूत्राशयातील अश्मरीची, म्हणजे खड्याची, शस्त्रक्रिया बारकाईने सांगितली आहे: जननेंद्रिय व गुद यांमधील शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून छेद घ्यावा, खडा वाकड्या टोकाच्या यंत्राने काढावा, त्याचा चुरासुद्धा मागे ठेवू नये, कारण तो पुन्हा वाढतो. हा विकार मुलांत अधिक आढळतो, हेही त्याने नोंदवले आहे. तरीही छेदापूर्वी अधिपतीची अनुज्ञा घेण्यास तो सांगतो; उपचार न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास फळ अनिश्चित, असे त्याचे कारण आहे. २०२४पर्यंत लागू असलेल्या १८६०च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८९चे उदाहरणही नेमके हेच होते: मुलाच्या हितासाठी, त्याच्या संमतीविना, मृत्यूचा संभव जाणूनही त्याचा मुतखडा शस्त्रवैद्याकडून काढवून घेणारा पिता दोषी ठरत नसे. वेगळ्या काळांतील या दोन्ही ग्रंथांना एकाच व्याधीत हा पेच दिसावा, हे लक्षणीय आहे.

आज पाठीतील लहानशा छिद्रातून दुर्बीण घालून मूत्रपिंडातला खडा फोडून काढता येतो. धोका पुष्कळ घटला, पण शून्य झाला नाही. माहूरच्या रेणुकेला नवस बोलून संमतिपत्रावर सही करणारे आईबाप विसंगत वागतात, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल, कारण नवस फळापुरता असतो, निर्णयाचा भार मात्र सहीवरच राहतो. खरी उणीव वेगळीच आहे. सुश्रुत अधिपतीला विचारतो, कायदा पालकाला. 12 वर्षांखालील मुलाची संमती कायदा ग्राह्य धरत नाही आणि ते योग्यही आहे, परंतु कळत्या वयाच्या मुलाला भूल कशी दिली जाईल, नळी किती दिवस राहील आणि दुखेल की नाही, हे खरे सांगण्याची सक्ती त्या तरतुदीत कुठेच नाही.