बळी कोणाच्या नावावर?

२१ जानेवारी २०२३. रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिलाच आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना सुरू होता. भारतीय गोलंदाजांनी न्यूझीलंडचा निम्मा संघ अवघ्या १५ धावांत परतवला आणि पूर्ण डाव १०८ धावांत संपवला. तीन बळी घेणारा मोहम्मद शमी सामनावीर ठरला. गोलंदाजांना घडवणाऱ्या प्रशिक्षकाचे, पारस म्हांब्रे यांचे, नाव धावफलकावर कुठेच नव्हते.

मुंबईचे म्हांब्रे स्वतः मध्यमगती गोलंदाज. १९९६च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच दौऱ्यात राहुल द्रविडही प्रथम कसोटी खेळले. द्रविड पुढे १६४ कसोटी खेळले, म्हांब्रे दोनच. नंतर म्हांब्रे यांनी बंगाल, बडोदा, विदर्भ अशा संघांना आणि १९ वर्षांखालील मुलांना शिकवले. रायपूरच्या सामन्यावेळी भारताचे मुख्य प्रशिक्षक द्रविड होते आणि गोलंदाजी प्रशिक्षक म्हांब्रे.

साधक बंधू-भगिनींनो, आता स्वतःला विचारा : ज्या विद्येचे फळ आपल्या पदरात थोडेच पडले, ती विद्या वाया गेली का?

फळ फक्त ‘माझ्या’ नावावर शोधले, तर उत्तर कडू येते. पण हजारो चेंडू टाकून हाताला कळलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाती उतरते, तेव्हा ते कर्म पुढे चालूच राहते. केवळ कर्ता बदलतो.

कोणी म्हणेल, प्रशिक्षकालाही मानधन मिळते, मग यात निष्कामता कसली? मोबदला घेणे म्हणजे आसक्ती नव्हे. शिष्याच्या यशावर हक्क सांगणे ही आसक्ती. आपली अपुरी इच्छा त्याच्याकडून पुरी करून घेणे ही तर त्याहून सूक्ष्म आसक्ती. कितीतरी आईवडील प्रेमाच्या नावाखाली हेच करतात. शिष्याला त्याच्या स्वभावानुसार वाढू देणे, हीच शिकवणाऱ्याची खरी कसोटी.

२९ जून २०२४ रोजी भारताने टी-२० विश्वचषक जिंकला, तेव्हाही म्हांब्रे गोलंदाजी प्रशिक्षक होते. त्या विजयात त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही आकड्यात मोजता येणार नाही. सेवेचे असेच असते.

आज एवढेच करून पाहूया. आपल्याला येणारी एक गोष्ट कोणाला तरी मनापासून शिकवूया. ती त्याला जमली, लोकांनी त्याचे कौतुक केले, की ‘मी शिकवले’ हे शब्द ओठांवर येतील. तेवढे मात्र गिळून टाकूया.