पडद्यावरचे हौतात्म्य

प्रत्येक राष्ट्राला स्वतःच्या शौर्याच्या कथा हव्या असतात. पूर्वी त्या शाहीर सांगत. आज चित्रपट सांगतो. पोवाडा ऐकणाऱ्याला आपण काव्य ऐकत आहोत याचे भान असे. पडद्यावरचा प्रसंग मात्र डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे स्मरणात घडलेली गोष्ट म्हणूनच शिरतो.

जे. पी. दत्ता यांचा 'बॉर्डर' हा १९९७ सालचा चित्रपट या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, ४ तारखेच्या रात्री, राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाडे पहाटेपर्यंत थोपवून धरले. उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी त्या रणगाड्यांचा धुव्वा उडवला. आपले दोन जवान कामी आले. चित्रपटात मात्र प्रमुख पात्रे एकामागून एक धारातीर्थी पडतात. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग हे त्यांपैकीच एक. प्रत्यक्षात भैरोंसिंग राठोड त्या लढाईतून वाचले, त्यांना सेना पदक मिळाले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी ते निवर्तले. पडद्यावरच्या मृत्यूनंतर ते पंचवीस वर्षे जगले!

त्यांना मारण्याची गरज कोणाला होती? केवळ दिग्दर्शकाला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. मृत वीर आपल्याला सोयीचा वाटतो. तो म्हातारा होत नाही, त्या रात्री वाटलेल्या भीतीविषयी बोलत नाही. त्याच्यासाठी दोन अश्रू ढाळले की आपले कर्तव्य संपते. जिवंत सैनिकाला मात्र निवृत्तिवेतन लागते, औषधोपचार लागतात, ऐकून घेणारे कोणीतरी लागते.

कथेने देशप्रेम जागत असेल, तर तपशिलाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु मृतांची संख्या वाढवल्याने शौर्य वाढत नाही. मूठभर माणसांनी चौकी राखली आणि त्यांतले बहुतेक घरी परतले, ही गोष्ट त्यांच्या धैर्याला काय कमीपणा आणते? उलट, मरणाशिवाय त्याग पूर्ण होत नाही, अशी शिकवण तरुण मनांवर बिंबली, तर पुढच्या युद्धात माणसाच्या प्राणांचे मोल आपणच कमी करून ठेवलेले असेल.

आपण हुतात्म्याला रक्तसाक्षी म्हणतो. साक्ष म्हटली की ती सत्याचीच हवी. चित्रपट अवश्य पाहावा, डोळे पाणावले तर पाणावू द्यावेत. मात्र घरी परतताना मुलांना एवढे जरूर सांगावे, की भैरोंसिंग वाचले होते.