सेवेकऱ्याजवळ कोण उभे?



पुंडलिकाची कथा वारकऱ्यास नवी नाही. आईबापांची सेवा चालली असता देव दारी आले. पुंडलिकाने वीट पुढे केली, देव तीवर उभे राहिले. आपण पुंडलिकाची सेवा वाखाणतो, ते योग्यच. पण आणखी एक गोष्ट पाहा. सेवा करणारा एकटा नव्हता; प्रत्यक्ष भगवंत त्याच्याजवळ उभा होता.

हे आज सांगण्याचे कारण ऐका. आमच्या दिंडीतील एक माउली तीन वर्षे वारीला आली नाही. यजमानांची स्मृती गेलेली. रात्रंदिवस तीच एकटी पाहणारी. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाली, "महाराज, हे मला ओळखत नाहीत. बोलायला कोणी नाही." आम्ही "नाम घ्या" एवढे सांगून परतलो. उपदेश खरा, पण अपुरा.

पुढे आमच्या वाचनात आले ते असे. अमेरिकेतील ओहायो प्रांतात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर, रोनाल्ड ग्लेझर हे पतिपत्नी आणि त्यांचे सहकारी यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या ३२ जणांस, आणि त्याच वयाच्या पण तो भार नसलेल्या ३२ जणांस, इन्फ्लुएन्झाची लस दिली. लस तीच, पण सेवेकऱ्यांच्या रक्तात रोगाशी झुंजणारी प्रतिपिंडे कमी निघाली. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी १९९२ साली त्यांनी वैद्यकीच्या ४८ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांत काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची, लस टोचून पाहिली. ज्यांना माणसांचा आधार अधिक, त्यांचा प्रतिसाद तिसऱ्या टोचणीपर्यंत अधिक बळकट दिसला.

कोणी म्हणेल, "महाराज, लस सुईने अंगात जाते, तिला मनाशी काय कर्तव्य?" अहो, लस ही केवळ शिकवण. शिकायचे शरीराने. चिंता दीर्घकाळ राहिली म्हणजे शरीरात कॉर्टिसॉलसारखे स्राव वाढतात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींचे काम मंदावते. भुकेल्या, रडवेल्या पोराला गुरुजींनी कितीही शिकवले तरी धडा कच्चाच राहतो, तसेच हे.

मात्र याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. चिंताग्रस्ताला लस लागूच पडत नाही, असे नव्हे. लस वेळेवर घ्यावीच. सेवेकऱ्याने तर आधी घ्यावी. आणि भजन हे लसीच्या जागी नव्हे, लसीच्या जोडीला.

तेव्हा सज्जनहो, आपल्या गावी असे घर असेल तर काय करावे? लस घ्यायला जाताना सोबत जा. एकादशीला दोन प्रहर रोग्याजवळ बसा, त्या माउलीला देवळात धाडा. डबा न्या, बोला, त्याहून अधिक ऐका. आमच्या दिंडीने आता पाळ्या लावल्या आहेत. पहिली पाळी आम्ही घेतली. आमची चूक आम्हास फेडायची होती.

देव विटेवर उभा राहिला. आपल्याला निदान उंबऱ्याशी तरी उभे राहता येईल.