संमती कशाला म्हणावी?

दोघांची संमती असली म्हणजे सौदा प्रामाणिक, असे व्यापारी सांगतो. पण आपण काय देतो आहोत हेच ज्याला उमगू दिले नाही, त्याची संमती ती कसली?

मायक्रोसॉफ्टने २००५ साली एक्सबॉक्स ३६० हे व्हिडिओ गेमचे यंत्र विक्रीस काढले. त्यावरील दुकानात डॉलर चालत नसत. आधी ‘पॉइंट’ विकत घ्यावे लागत. एका डॉलरला ८०. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातल्या घोड्याचे चिलखत २०० पॉइंटांना विकले गेले. चिलखत म्हणजे पडद्यावरचे चित्र! हे गणित मी सातवीच्या वर्गाला घातले. उत्तर अडीच डॉलर. तोंडी ते थोड्यांनाच आले. दर शंभराचा असता तर साऱ्यांना आले असते. शिवाय पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांतच मिळत. उरले ते पडून राहत.

दर तर उघड लिहिला होता, मग फसवणूक कुठे? ब्रिटनमध्ये काही कारखानदार मजुरी बिल्ल्यांत देत. बिल्ल्याचा भाव मजुराला ठाऊक असे, पण तो चाले मालकाच्याच दुकानात. १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मजुरी नाण्यांत देणे भाग पडले. खेळणारा मुलगा मजूर नव्हे, हे कबूल. तो आपखुशीने देतो. किती देतो, हे त्याला कळते काय?

मायक्रोसॉफ्टने २०१३ साली पॉइंट बंद केले. अनेक खेळांच्या आतली नाणी मात्र राहिली. कुठल्याशा खेळापायी माझ्या एका विद्यार्थ्याला वडिलांनी विचारले, “किती खर्चलेस?” तो म्हणाला, “आठशे.” कशाचे आठशे, हे वडिलांना कळेना, त्यालाही सांगता येईना.